तुम्ही नक्की कोणाच्या वकील?

प्रिय बाई,

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक सरकारी अभियोक्ता आहे. एमपीएससीतून निवड होऊन दीड वर्ष झालं. वय २९. नेमणूक न्यायदंडाधिकारी कोर्टात आहे, पण गेले सहा महिने मंगळवारी आणि शुक्रवारी बाल न्याय मंडळाचं कामही माझ्याकडे आहे. ‘नवीन आहात, तेवढं तुम्ही बघा,’ असं म्हणून ते मला दिलं गेलं.

सध्या एका प्रकरणाने झोप उडाली आहे. १७ वर्षं २ महिन्यांचा मुलगा. त्याने आणि २२ वर्षांच्या एकाने जुन्या भांडणावरून एका रिक्षाचालकावर कोयत्याने वार केले. कलम १०९, जिवे मारण्याचा प्रयत्न. रिक्षाचालकाच्या डाव्या हाताची दोन बोटं आता वळत नाहीत. जामीन अर्जावर मी नेहमीचा से, म्हणजे सरकारी पक्षाचं लेखी म्हणणं, दिला आणि मंडळाने पाच मिनिटांत जामीन मंजूर केला. बाहेर बाकावर रिक्षाचालकाची बायको बसली होती. म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही नक्की कोणाच्या वकील?’ मला उत्तर सुचलं नाही.

आता तपासी अधिकारी म्हणतात, झटापटीत पडलेला मोबाईल पोरांनी उचलला होता, तर जबरी चोरीचं कलम वाढवतो, मुलाला सज्ञान म्हणून चालवायचा अर्ज तुम्ही द्या. घरी सासरे जेवताना म्हणतात, ‘पोरं कोयते घेऊन फिरतात आणि तुमचं कोर्ट त्यांना निबंध लिहायला लावतं.’ मागच्या तारखेला तोच मुलगा व्हरांड्यात माझ्याजवळ आला. ‘मॅडम, माझं काय होणार?’ मी म्हटलं, तुझ्या वकिलांना विचार. तो म्हणाला, ‘कोण वकील?’

बदली मागू का? मला अगंतुगं केलंत तरी चालेल.

– र.


र.,

अगंतुगंच करते. ‘नेहमीचा से’ या दोन शब्दांपाशी मला हसू आलं, कारण तो से मला अजून पाठ आहे. ‘गुन्हा गंभीर स्वरूपाचा आहे. तपास प्राथमिक अवस्थेत आहे. अर्जदारास जामिनावर सोडल्यास तो फरार होण्याची व साक्षीदारांवर दबाव आणण्याची दाट शक्यता आहे. सबब अर्ज नामंजूर व्हावा, ही विनंती.’ तालुक्या-तालुक्यातल्या सरकारी वकिलांच्या टेबलावर हा कागद तयार असतो, नाव आणि गुन्हा रजिस्टर नंबर तेवढा भरायचा. मीही शेकड्याने भरलेत. मोठ्या माणसांच्या कोर्टात तो चालून जातो. मंडळापुढे चालत नाही, आणि चालू नयेच.

तुझ्या चार प्रश्नांपैकी बदलीचा सगळ्यात सोपा आहे. आत्ता मागू नकोस. उरलेल्या तिघांचा निकाल लागला की तो प्रश्न तुला कदाचित पडणारही नाही. पडला तर अजून एका वर्षाने खुशाल अर्ज कर, त्यात कमीपणा काही नाही.

आधी जामीन, कारण तिथेच तुझा पाय घसरला. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १२ पुन्हा काढून वाच, या वेळी पेन्सिल हातात घेऊन. गुन्हा जामीनपात्र असो की अजामीनपात्र, मुलाला सोडायचं हा तिथला नियम आहे. अपवाद तीनच. सुटल्यावर तो ज्ञात गुन्हेगाराच्या संगतीत जाईल असं मानायला सबळ कारण असेल, किंवा त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका पोचेल, किंवा त्याच्या सुटकेने न्यायाचा हेतूच हरेल. या तिघांत ‘गुन्हा गंभीर आहे’ हे कुठे दिसतंय का? नाही ना. मग मंडळाने पाच मिनिटांत जामीन दिला यात नवल काय? तू त्यांच्यासमोर वजन करण्यासारखं काही ठेवलंच नव्हतंस.

आणि ठेवण्यासारखं तुझ्या फायलीतच होतं, याची मला जास्त हळहळ वाटते. तो २२ वर्षांचा कोण? त्याच्यावर आधीचे गुन्हे आहेत का? तो मुलाच्याच गल्लीत राहतो का? आत आहे की त्यालाही जामीन झालाय? तो त्याच वस्तीत मोकळा फिरत असेल, तर पहिला अपवाद तुझ्या दारात उभा होता. त्यावर तू म्हणू शकली असतीस की मुलाला त्या घरी पाठवू नका, गावाकडे मामा किंवा आजी कोणी असेल तर त्यांच्या ताब्यात द्या, त्या माणसाला भेटायचं नाही अशी अट घाला, आठवड्याला परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यापुढे हजेरी लावा. हे तू आजही मागू शकतेस. असा से लिहायला अर्धा तास जास्त लागतो. पण त्या रिक्षावाल्याला सकाळी घराबाहेर पडताना काय वाटतं, याचा विचार त्या अर्ध्या तासात होतो. ‘सबब नामंजूर व्हावा’मध्ये त्याचा काही विचार नसतो.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येते.

तुला त्या खोलीत आपण उपरे आहोत असं वाटत असणार. मलाही वाटायचं. मंडळ उंच व्यासपीठावर बसत नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही, पोलीस गणवेशात नाहीत. टेबलाच्या एका अंगाला न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, समोर पोरगं आणि त्याची आई. सरकारी वकिलाची खुर्ची कुठे ठेवायची हेच शिपायाला कळायचं नाही. मी पहिल्या महिन्यातच काळा कोट बाहेरच्या खोलीत काढून ठेवायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. त्या चार फुटांच्या टेबलाशी तो कोट फारच मोठा वाटायचा.

या उपरेपणाला कायद्यातही पुरावा आहे, गंमत म्हणून सांगते. केंद्राच्या २००७ च्या आदर्श नियमांत मुलाच्या बाबतीत कोणते शब्द वापरायचे नाहीत याची यादी होती. अटक, आरोपी, दोषारोपपत्र, खटला, वॉरंट, दोषसिद्धी, तुरुंग... आणि त्याच यादीत ‘अभियोग’. म्हणजे माझ्या पदाचं नावच त्या खोलीत उच्चारायला बंदी! २०१५ च्या कायद्याने यादी आटोपशीर करून कलम ३ मध्ये तत्त्व तेवढं ठेवलं, की आरोप करणारी, एकमेकांविरुद्ध उभं करणारी भाषा नको. मी तेव्हा हसले होते. नंतर वाटलं, यादी करणाऱ्याला काहीतरी नेमकं कळलं होतं. दोन पक्ष, एक जिंकणार, एक हरणार, ही मांडणी त्या खोलीत मुळी बसतच नाही.

तसं पाहिलं तर कुठल्याच फौजदारी कोर्टात सरकारी वकिलाने जिंकायला उभं राहायचं नसतं. कसंही करून शिक्षा मिळवण्याची तहान अभियोक्त्याला शोभत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली शिव कुमार विरुद्ध हुकम चंद या निकालात म्हटलंय. आरोपीच्या बाजूचं काही असेल तर तेही त्याने कोर्टापुढे आणावं, अशी अपेक्षा त्यात आहे. आपण हे परीक्षेला पाठ करतो आणि नेमणुकीच्या पहिल्या आठवड्यात विसरतो.

मी विसरले होते. १९९६ ची गोष्ट. तेव्हा १९८६ चा कायदा होता आणि मुलगा सोळाच्या आत असेल तरच ‘बाल’ धरला जायचा. अठराची मर्यादा २००० च्या कायद्याने आली. घरफोडीतला एक पोरगा पुढ्यात आला. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. तुला माहीतच आहे, गुरुजींच्या कृपेने अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो. दाखल्याप्रमाणे तो सोळा वर्षं एक महिन्याचा, म्हणजे मोठा. पण पोलिसांच्या कागदांत मागे ग्रामपंचायतीचा जन्माचा उतारा टाचलेला होता आणि त्यात तारीख नोव्हेंबरमधली होती. त्याप्रमाणे तो सोळाच्या आत. मी तो उतारा पाहिला. त्याच्या वकिलाने पाहिला नाही, कोर्टाने विचारलं नाही, आणि मी बोलले नाही. ‘ते त्यांचं काम, माझं नाही,’ असं स्वतःला सांगितलं. पोरगा नऊ महिने मोठ्या कैद्यांत राहिला. मग दुसऱ्या एका वकिलाने तो उतारा शोधून काढला. पुढच्या पाच-सहा वर्षांत तेच नाव माझ्या कोर्टाच्या बोर्डावर दोनदा आलं, दोन्ही वेळा आधीपेक्षा मोठ्या कलमाखाली. तो नाहीतरी तसाच निघाला असता, असं म्हणणारे सहकारी होते. असेलही. पण मी तो कागद पालथा घातला होता, हे काही त्याने बदलत नाही.

आता वयाचा क्रम कायद्यानेच ठरवून दिलाय. कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा दाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. तुझ्या मुलाचं १७ वर्षं २ महिने कशावरून आलं ते एकदा बघून ठेव.

तर त्या बाईला काय सांगायचं? मी असं सांगायचे: ‘मी सरकारची वकील. तुमच्यावर काय गुदरलं ते आत नीट सांगायचं काम माझं आहे आणि माझ्याशिवाय ते कोणी करणार नाही. पण तुमच्या मनासारखी शिक्षा मागणं माझ्या हातात नाही, कारण कायद्यातच ती नाही.’ लोकांना हे आवडत नाही. पण फसवल्यासारखंही वाटत नाही. आणि नुसतं सांगून सोडू नकोस, तिच्यासाठी करण्यासारखं बरंच आहे.

रिक्षाचा क्लच डाव्या हातात असतो. डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत म्हणजे त्या माणसाचा धंदा गेला. हे तुझ्या केसच्या कागदांत कुठे आहे? वैद्यकीय प्रमाणपत्रात ‘गंभीर दुखापत, धारदार हत्याराने’ एवढंच असणार. त्याचा पुरवणी जबाब घ्यायला सांग, लायसन्सची प्रत आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र जोडायला लाव. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो, तो त्याला माहीत नसणार. पत्ता सांगून मोकळी होऊ नकोस, तिथल्या लिपिकाला फोन कर. तारखेला तो आणि मुलाचे नातेवाईक एकाच बाकावर बसतात का, तेही बघ. आमच्याकडे व्हरांड्यात एकच बाक होता. फितूर झालेल्या साक्षीदारांपैकी निम्मे त्या बाकावरच फितूर झाले, असं माझं मत आहे. साक्षीदाराला आतल्या खोलीत बसवायची सोय मंडळाला सांगून करून घे.

आणखी एक, हे विसरशील म्हणून आत्ताच. रिक्षावाल्यांच्या ग्रुपवर त्या मुलाचा फोटो फिरत असेल तर तो काढायला सांग. कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. मार खाल्लेला माणूसच गुन्ह्यात अडकायला नको.

आता तपासी अधिकाऱ्यांचं. त्यांना काय हवंय ते तुला कळलंय, पण कायद्याचा सांधा नीट दिसलेला नाही असं वाटतं. सोळा ते अठरा वयाच्या मुलाला सज्ञानासारखं चालवायचं असेल तर गुन्हा कायद्याच्या भाषेत निर्घृण हवा, ज्याला कोर्टात सगळे हीनस म्हणतात. म्हणजे ज्याला किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त आहे असा. इथे ‘किमान’ हा शब्द मोलाचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०९ ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा असली तरी किमान शिक्षा सांगितलेली नाही. कमाल सात वर्षांहून जास्त पण किमान नाही, असे गुन्हे हीनस धरायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात स्पष्ट केलं. मग संसदेने कायद्यातच दुरुस्ती करून असे गुन्हे ‘गंभीर’ या गटात घातले. ती दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू आहे. म्हणून १०९ वर सज्ञानाचा अर्ज टिकत नाही. साहेबांना हे माहीत आहे. म्हणूनच त्यांना तो मोबाईल आठवला! जबरी चोरी करताना जीवघेणं हत्यार वापरलं तर कलम ३११ लागतं आणि त्याला किमान सात वर्षं आहेत. एक पडलेला फोन, आणि पोरगा त्या ओळीच्या पलीकडे.

कलम खरोखर बसत असेल तर लावायला हवंच, त्यात मुलाकडे बघून डोळेझाक नको. पण आधी विचार: वार फोन घेण्यासाठी झाले का? फिर्यादीत फोनचा उल्लेख पहिल्या दिवशी आहे का, की पंधरा दिवसांनी पुरवणी जबाबात उगवला? फोन कोणाकडून जप्त झाला, मुलाकडून की त्या २२ वर्षांच्याकडून? भांडणात मारलं आणि जाता जाता पडलेला फोन उचलला, तर ती चोरी होईल, जबरी चोरी होईलच असं नाही. तुझं मत काहीही होवो, लेखी दे. फोनवर ‘बघते’ म्हणू नकोस. ‘मॅडम हो म्हणाल्या’ हे वाक्य केस डायरीत कधी आणि कसं जाईल ते तुला कळणारही नाही.

आणि त्याच पत्रात त्यांना एक उलट प्रश्न टाक. २२ वर्षांच्या त्या माणसावर बाल न्याय कायद्याचं कलम ८३ का लावलं नाही? मुलांना बेकायदा कामाला वापरणाऱ्या प्रौढाला त्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. कोयता कोणाचा होता, गाडी कोणाची, बोलावून कोणी नेलं, हे तपासात आलंय का? पोराला मोठं करायची घाई सगळ्यांना असते. मोठ्याने पोराला पुढे का केलं, हे विचारायला कोणाला सवड नसते. त्या प्रौढाचा खटला वेगळ्या कोर्टात चालेल, कारण दोघांना एकत्र चालवता येत नाही. म्हणून इकडचे कागद तिकडच्या अभियोक्त्यापर्यंत पोचतायत का, हेही तूच बघ.

पुढेमागे कधी खरोखरच हीनस प्रकरण तुझ्याकडे आलं, तर ‘सज्ञान करा’ हा अर्ज म्हणजे शिक्का मारायचं काम समजू नकोस. मुलाची मानसिक-शारीरिक कुवत, परिणामांची समज आणि घटनेची परिस्थिती, या सगळ्यांचं प्राथमिक मूल्यांकन मंडळाला करावं लागतं. गुरुग्रामच्या शाळेतल्या मुलाच्या खुनाच्या प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे नाजूक काम आहे आणि मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे. बुद्ध्यांक मोजला आणि सही केली, असं ते नव्हे.

हे सगळं खरं म्हणजे डिसेंबर २०१२ मधून आलं. दिल्लीच्या निर्भया प्रकरणात एक जण अठराच्या थोडा आत होता. त्याला तीन वर्षं विशेष गृहात, म्हणजे दोषी ठरलेल्या मुलांच्या सुधारगृहात, ठेवलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये तो सुटला. त्याच आठवड्यात राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला आणि १५ जानेवारी २०१६ ला तो लागू झाला. रागातून आलेला कायदा आहे, असं माझं मत आहे. पण त्यातही मुलाला फाशी नाही आणि सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप नाही. राग ओसरल्यावरही टिकेल असं बरंच काही त्या लोकांनी त्यात राहू दिलं.

आता तुझे सासरे. त्यांचा ‘निबंध’ म्हणजे पुण्याचा. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीने मध्य प्रदेशातून पुण्याला नोकरीसाठी आलेल्या एक तरुण आणि एक तरुणी अशा दोन अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा सतराचा होता. काही तासांत जामीन झाला आणि त्यात रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट होती. लोक भडकले ते साहजिक होतं. मलाही तो आदेश वाचून कपाळाला हात लावावासा वाटला. पण सासऱ्यांना एवढं सांग की निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. चौकशी पुढे व्हायचीच होती. मग लोकक्षोभानंतर त्या मुलाला निरीक्षण गृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे, ठेवलं गेलं, आणि २५ जून २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने ते ठेवणंच बेकायदा ठरवून त्याला आत्याच्या ताब्यात दिलं. त्याला सज्ञान म्हणून चालवायची पोलिसांची विनंतीही मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

याचा तुझ्या कामाशी काय संबंध? हाच, की पहिल्या दिवशी घाईत झालेली गोष्ट नंतर गर्दीच्या जोरावर दुरुस्त होत नाही. पहिल्या हजेरीला सरकारी पक्षाने अटी नीट मागितल्या, कागद पुढे ठेवले, तर पुढचा गोंधळ बराच टळतो. सासऱ्यांना हे पटेल असं नाही. माझ्या सासूबाई गेल्या तोवर मला ‘चोरांची मावशी’ म्हणायच्या, आणि शेजारच्या मुलाला पोलिसांनी उचललं तेव्हा पहिला फोन मलाच केला होता.

मुलाच्या चौकशीला मुदत आहे, ती डायरीत लिहून ठेव. पहिल्या हजेरीपासून चार महिने, कारण देऊन आणखी दोन. त्यापुढे मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडून वाढवून घ्यावं लागतं. गंभीर गुन्ह्याची चौकशी समन्स केसच्या पद्धतीने चालते, म्हणजे तुला जास्त तारखा मिळणार नाहीत. आणि हीनस नसलेल्या गुन्ह्यात मंडळाने मुलाला निर्दोष ठरवलं तर सरकारला अपीलच नाही. वरच्या कोर्टात बघू, असं इथे चालत नाही. डॉक्टर, पंच, जखमी रिक्षावाला, सगळ्यांची समन्स एकाच वेळी काढ आणि पैरवी अधिकाऱ्याला (कोर्टाचं काम बघणाऱ्या पोलिसाला) रोज आठवण कर.

दोष सिद्ध झाला तर काय मागशील, हे आत्तापासून ठरव. तीन वर्षांपर्यंत विशेष गृह हे त्यातलं शेवटचं टोक. त्याआधी समुपदेशन आहे, समाजसेवा आहे, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांच्या ताब्यात देणं आहे. परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक चौकशी अहवाल नीट वाच. ‘वडील व्यसनी, संगत वाईट, शिक्षणात रस नाही’ ही आपल्या सेसारखीच छापील ओळ असेल तर त्यांना विचार, घरी गेला होतात का? शाळा कधी सुटली आणि का? एका अहवालात मला सापडलं होतं की पोरगा आठवीपर्यंत वर्गात पहिल्या पाचांत होता. आजोबा गेले आणि त्याला म्हशी वळायला बसवलं. त्या मुलाला मी विशेष गृह मागितलं नाही, आयटीआय मागितलं. जखमी माणसाच्या वकिलाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पैसे खाल्लेत.

मुंबईत कधी बदली कामावर गेलीस तर डोंगरीच्या निरीक्षण गृहाच्या भिंती बघून ये. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर १०१ दिवस होते तो हाच तुरुंग. आता तिथे मुलं असतात. दगडी भिंती त्याच आहेत. आत कॅरमचा आवाज येत असतो आणि बाहेर आया डबे घेऊन उभ्या असतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका आईने मला पोलीस समजून विचारलं होतं, ‘ताई, त्याला वरण आवडतं, देऊ देतील ना?’

उरला व्हरांड्यातला प्रश्न. ‘तुझ्या वकिलांना विचार’ हे तू दिलेलं उत्तर बरोबर होतं. त्याच्या प्रकरणाबद्दल तू त्याच्याशी एक शब्द बोलू नयेस, त्याच्या भल्यासाठी आणि तुझ्याही. पण ‘कोण वकील?’ हे ऐकून तू पुढे गेलीस, ते मला खटकलं. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे कोणीतरी जामिनाच्या दिवशी उभे राहिले असतील, अर्जावर सही केली असेल आणि पुढच्या तारखेला दुसऱ्याच कोर्टात गेले असतील. मुलाला वकील आहे की नाही हे पाहणं मंडळाचं काम आहे, पण मंडळाला ते कळायला हवं. वकिलाविना नोंदवलेला पुरावा उद्या तुझ्याच गळ्यात येईल, आणि रिक्षावाल्याला पुन्हा साक्षीला यावं लागेल.

मंगळवारी पुकारा झाला की साक्षीदार उभा करायच्या आधी तेवढं सांग: मुलाला त्याचे वकील कोण ते माहीत नाही, त्यांची भेट घालून द्यावी, मग पुढे जावं. रोजनाम्यात, म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत, ते लिहून घे. नवा से कसा झाला, ते मला कळव.